कुत्र्याचा खोकला हृदयाचाही असू शकतो

घरातला म्हातारा पामेरियन रात्री खोकू लागला की ‘धूळ बसली असेल’ म्हणून बरेच दिवस दुर्लक्ष होते. पण उतारवयातल्या लहान कुत्र्यात हा खोकला हृदयविकाराचा इशारा असू शकतो.

माणसासारखा, रक्तवाहिनी तुंबून येणारा झटका कुत्र्यांत क्वचितच आढळतो. पामेरियन, डॅशहुंड अशा लहान जातींत डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळू लागते. रक्त मागे फिरते, हृदय मोठे होते आणि शेवटी फुफ्फुसात पाणी साचते. डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत हृदयाचा स्नायूच पातळ आणि दुबळा होतो. असा कुत्रा लवकर थकतो, चक्कर येऊन पडतो. कधी कोणतेही लक्षण न दिसता अचानक दगावतो. काही पिल्लांत हृदयाचा दोष जन्मजात असतो.

चौथे कारण डासांचे. वर्धा जिल्ह्याला हत्तीरोग नवा नाही. त्याच्या जंताचा एक नातलग कुत्र्याच्या हृदयात आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढतो. भारतात तो ईशान्येकडे अधिक आढळतो. माणसाचा हत्तीरोग मात्र कुत्र्यामुळे होत नाही.

झडपेचा आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही, पण वेळ मिळवता येतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, झडपेच्या विकाराने हृदय मोठे झालेल्या पण अजून त्रास सुरू न झालेल्या कुत्र्यांना पिमोबेंडान दिल्यावर हृदय निकामी होणे सुमारे १५ महिन्यांनी लांबले. म्हणूनच आजार लवकर कळायला हवा.

त्यासाठी घरच्या घरी एक तपासणी करता येते. कुत्रा गाढ झोपला की छातीची एक वर-खाली हालचाल म्हणजे एक श्वास, असे मिनिटभर मोजावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात कुत्री एरवीही धापतात, म्हणून मोजणी थंड जागी आणि झोपेतच करावी. आकडा वारंवार ३० च्या वर गेला तर पशुवैद्यकाला दाखवावे. श्वास घेताना ओढ लागत असेल किंवा जीभ निळसर दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

स्टेथोस्कोपने झडपेची गळती ऐकू येते; पुढे एक्स-रे आणि इको लागतो. वर्ध्याहून जवळ असलेल्या नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसाचे खोकल्याचे किंवा हृदयाचे औषध मात्र मनाने देऊ नये.