नाकातील अदृश्य वस्ती

‘जंतू’ हा शब्द उच्चारला की रोग आठवतो. जंतू म्हणजे शत्रू, आणि त्याचा नायनाट झाला की आरोग्य लाभते, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः निरोगी माणसाच्या त्वचेवर, तोंडात, आतड्यात आणि नाकातही असंख्य जिवाणू कायमचे वस्तीला असतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलेल्या अंदाजानुसार मानवी शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी, तर सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. शरीरावर व शरीरात राहणाऱ्या या साऱ्या सूक्ष्म जीवांच्या समुदायाला ‘सूक्ष्मजीवसृष्टी’ असे म्हणतात.

नाकाच्या सभोवतालच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या दरम्यान आणि कवटीच्या मध्यभागी खोलवर अशा त्यांच्या चार जोड्या असतात. त्यांच्या आतील ओलसर अस्तरातून चिकट द्रव पाझरतो. धूळ व जंतू त्यात अडकतात आणि अस्तरावरील अतिसूक्ष्म केस तो द्रव घशाकडे ढकलतात. अस्तराला सूज आली की पोकळीचे तोंड बंद होते व द्रव साचतो. नाक चोंदणे, चेहरा जड होणे, वास न येणे ही लक्षणे १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर त्या विकारास जुनाट सायनसदाह म्हणतात. काही रुग्णांत सुजलेले अस्तर द्राक्षाच्या मण्यांसारखे लोंबू लागते. ‘नाकात मांस वाढले’ असे लोक म्हणतात, ते हेच पॉलिप. हे पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र वासाची जाणीव हरपली की अन्नाची गोडी जातेच, शिवाय गॅसची गळती किंवा नासलेले अन्नही कळत नाही.

निरोगी सायनस जंतुविरहित असतात, असे पूर्वी अनेकांना वाटे. प्रयोगशाळेच्या बशीत न वाढणारे जिवाणू त्या काळच्या तपासणीत दिसतच नसत. पुढे जिवाणूंच्या जनुकांवरून त्यांची ओळख पटवण्याचे तंत्र विकसित झाले. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेल्या मानवी सूक्ष्मजीवसृष्टी प्रकल्पात निरोगी माणसांच्या नाकातील नमुनेही तपासले गेले. नाकात जिवाणूंची नित्याची वस्ती असते, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले.

मग रोग कशाने होतो? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१२ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. जुनाट सायनसदाहाच्या रुग्णांत जिवाणूंची विविधता घटलेली होती आणि एकाच जातीचे प्राबल्य वाढलेले होते. उंदरांवरील प्रयोगात लॅक्टोबॅसिलस गटातील एका जिवाणूने सायनसचे त्या जातीपासून रक्षण केले. जर्मनीतील ट्युबिंगन येथील शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये असे आढळले, की नाकातील एक जिवाणू ‘लुगडुनिन’ नावाचे द्रव्य तयार करतो आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या उपद्रवी जिवाणूला रोखतो. थोडक्यात, चांगला शेजार हेही एक संरक्षणच होय.

पॉलिप असलेल्या अनेक रुग्णांत हाच स्टॅफिलोकोकस ऑरियस आढळतो. त्याची काही विषद्रव्ये शरीराच्या संरक्षक पेशींना अवाजवी चेतवतात व सूज वाढवतात. तथापि हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकातही असतो. शिवाय सुजेमुळेही नाकातील परिस्थिती पालटते व जिवाणूंचा समतोल ढळतो. म्हणून या बदलाला रोगाचे कारण म्हणावे की परिणाम, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. दमा व शरीराची प्रतिकारप्रवृत्ती यांचाही या विकाराशी संबंध असतो.

या ज्ञानाचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, आणि प्रतिजैविके विषाणूंवर निष्प्रभ ठरतात. तरीही ती मनाने घेतली, तर सुक्याबरोबर ओलेही जळते आणि उपकारक जिवाणूही नष्ट होतात. जुनाट सायनसदाहात मिठाच्या पाण्याने नाक धुणे व सूज उतरवणारा नाकातील फवारा हे उपचारांचे मुख्य आधार आहेत. योगातील जलनेतीही नाक धुण्याचीच क्रिया आहे. मात्र त्यासाठी पाणी उकळून थंड केलेलेच असावे, कारण नळाच्या पाण्यातील काही सूक्ष्मजीव नाकावाटे गेल्यास घातक ठरू शकतात. गरजेनुसार दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली जाते. २०१९ पासून काही देशांत पॉलिपवर प्रतिपिंडाची इंजेक्शनेही उपलब्ध झाली आहेत. उपकारक जिवाणू नाकात सोडण्याचा उपचार मात्र अजून प्रयोगावस्थेत आहे. एकाच बाजूचे नाक सतत चोंदत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर विलंब न करता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

शेतातील तण काढताना पीक उपटले जाऊ नये, याची काळजी शेतकरी घेतो. शरीरातील जिवाणूंच्या बाबतीतही तोच विवेक आवश्यक आहे.