झेल कशास म्हणावें?

अमेरिकन फुटबॉल हा नांवानें पायांचा, पण बहुतांशीं हातांचाच खेळ. त्यांत चेंडू हातीं आला म्हणजे झेल झाला, असें आमच्या वाचकांस वाटेल. परंतु ता. ११ जानेवारी २०१५ रोजीं ग्रीन बे येथें याच प्रश्नावरून मोठा वाद माजला. हरेल तो संघ स्पर्धेंतून बाद व्हावयाचा होता. यजमान पॅकर्स २६-२१ असे पुढें होते आणि पांच मिनिटेंही उरलीं नव्हतीं. डॅलसच्या डेझ ब्रायंटनें उंच उडी घेऊन चेंडू पकडला, पावलें टाकलीं व गोलरेषेकडे हात लांबवीत तो कोसळला. जमिनीवर आदळतांच चेंडू हातांतून निसटून उसळला. पंचांनीं प्रथम झेल मान्य केला. पॅकर्सच्या प्रशिक्षकानें हरकत घेतल्यावर चित्रफीत पाहून तो रद्द ठरविला.

पडतां पडतां झेलणाऱ्यानें जमिनीचा आघात सोसूनही चेंडू ताब्यांत ठेविला पाहिजे, असा तेव्हां नियम होता. ब्रायंट धांवूं लागला होता कीं नुसता पडत होता, एवढाच काय तो तंटा! आमच्या मतें पंचांनीं लिखित नियम यथायोग्य लाविला. दोष असलाच तर नियमाचा. २०१८ सालीं तो नियम बदलण्यांत आला. त्या सामन्याची नोंद मात्र २६-२१ अशीच आहे.