हॅम्प्टन कोर्टचें राजोद्यान

लंडन शहराच्या नैर्ऋत्येस, थेम्स नदीच्या कांठीं, हॅम्प्टन कोर्ट नांवाचा जुना राजवाडा आहे. वुल्सी ह्या कार्डिनलानें तो इ. स. १५१५ च्या सुमारास बांधावयास घेतला व पुढें आठव्या हेन्री राजानें तो आपलासा केला, एवढें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु वाडा व नदी ह्यांच्या मध्यें राजाची जी खासगी बाग आहे, तिची हकीकत शाळेच्या पुस्तकांत येत नाहीं. आणि आमच्या मतें ती वाड्याच्या हकीकतीहून अधिक विचार करावयास लावणारी आहे.

ही बाग आपल्या परसासारखी नव्हे. आपल्याकडे प्राजक्त, जास्वंद, केळ जेथें जागा मिळेल तेथें वाढतात. तेथें प्रत्येक झाड भूमितीच्या आज्ञेंत उभें. हिरवळ कापून तिच्यांत वेलबुट्टी काढावयाची, कडेनें बॉक्स नांवाच्या ठेंगण्या झुडपाची किनार लावावयाची, यू झाडें कातरून निमुळतीं ठेवावयाचीं आणि हॉलीचे माथे गोल करावयाचे. मधोमध कारंजें, नदीच्या बाजूस झां तिजू ह्या फ्रेंच कारागिरानें घडविलेली बारा खणांची लोखंडी जाळी. वरच्या मजल्यावरून पाहिलें म्हणजे खालीं गालिचा अंथरल्यासारखें दिसावें, हा सगळा हेतु.

ही रचना तिसऱ्या विल्यमच्या वेळची. विल्यम व राणी मेरी हीं दोघें १६८९ सालीं गादीवर आलीं व त्यांनीं रेन ह्या स्थपतीकडून वाड्याचा नवा भाग बांधावयास घेतला. मेरीस वनस्पतींचा मोठा नाद. उष्ण देशांतून आणविलेलीं दुर्मिळ झाडें ती ऊबदार घरांत जोपासवीत असे. १६९४ सालीं ती देवी येऊन वारली व राजाचें मन कामांतून उडालें. १६९८ त लंडनचा व्हाइटहॉल वाडा जळाला, तेव्हां तो पुन्हा इकडे वळला. बाग होत आली, तों त्याच्या ध्यानांत आलें कीं खोल्यांतून नदी दिसत नाहीं. झालें! सारी जमीन खणून खालीं घेण्याचा हुकूम सुटला. तें काम पुरतें उरकतें न उरकतें, तोंच १७०२ च्या आरंभीं ह्याच वाड्याच्या रानांत तो घोड्यावरून पडला व मार्च महिन्यांत वारला. ज्या खिडक्यांसाठीं एवढी माती उपसली, त्यांत बसण्याचें सुख त्यास फार काळ लाभलें नाहीं.

त्याच्यामागून आलेल्या ॲन राणीस बॉक्सचा वास सोसत नसे. तिनें पूर्वेकडील बागेंतलें बॉक्स उपटविलें. पुढें तर अभिरुचीच पालटली. रेघोट्यांच्या बागा मोडून तेथें वळणदार तळीं व मोकळीं कुरणें करण्याची लाट आली. त्या लाटेचा अग्रणी लॅन्सलॉट ब्राउन १७६४ सालीं ह्याच वाड्याचा मुख्य माळी झाला. शेकडों वर्षांच्या बागांवर निःशंकपणें नांगर फिरविणारा हा माणूस! पण असें सांगतात कीं, राजानें ही बाग बदल म्हटलें असतां आपल्या व आपल्या धंद्याच्या मानाखातर त्यानें नकार दिला. त्यानें १७६८ त लावलेली द्राक्षवेल अजून फळ देते. पण आम्हांस त्याच्या लावण्याहून हें न मोडणेंच मोठें वाटतें.

१८३८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें वाडा व बागा लोकांस विनामूल्य खुल्या केल्या. लोक आले, परंतु खासगी बागेंतील कातर थांबलेली होती. यू व हॉली वाटेल तशीं वाढलीं, वेलबुट्टी बुजली. दाट सांवली झाली, आणि लोकांस ती आवडूंही लागली.

३१ मार्च १९८६ रोजीं राजाच्या महालांस आग लागली. त्यांचा जीर्णोद्धार होऊन ते १९९२ त उघडले, तेव्हां खिडक्यांबाहेर काळोखें रान तेवढें दिसूं लागलें. आतां प्रश्न उभा राहिला: तें तोडावें कीं राखावें? तेंही जुनेंच होतें. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पोटांत वाढलेल्या झाडावर कुऱ्हाड पडली कीं कालवतें, हें कबूल. तरीही तोडण्याचा निर्णय आम्हांस योग्य वाटतो, आणि त्याचें कारण मातींतच सांपडलें. झाडें काढून खणूं लागतांच जुन्या वाफ्यांच्या रेषा व झाडांचे खड्डे उमटून आले. मधल्या काळांत येथें कोणी नवी बाग केली नाहीं, म्हणूनच ते राहिले. पोथीवर कोणी दुसरा ग्रंथ लिहिला नव्हता. नुसती धूळ सांचली होती. त्या खुणा, जुने हिशेब व नकाशे ह्यांवरून पाठ लावला गेला, आणि १९९५ सालीं बाग पुन्हा उघडली.

कोणी म्हणेल, रोप न् रोप नवें, मग ही विल्यमची बाग कशी? आम्ही विचारतों, घनपाठ म्हणणारा बटु तरी कोठें जुना असतो?

आज तेथें जाणाऱ्यास तिकीट काढावें लागतें. वाफ्यांत फुलझाडें विरळ पाहून कित्येकांचा विरस होतो म्हणे. पण त्या काळीं एकेक रोप दुरून आलेलें व मोलाचें, म्हणून तें सुटें लावून मिरवीत. यू झाडें आतां पुन्हा निमुळतीं उभीं आहेत, आणि वरच्या खिडकींतून थेम्स दिसते.