गणरायापुढचा रिकामा वाद्यवृंद

भाद्रपदातल्या सायंकाळी घाटकोपरच्या एखाद्या रस्त्याने निघावे, आरतीच्या टाळ्या विरतात न विरतात तोच मंडपातून ध्वनिक्षेपकावर बोटाने केलेली टकटक ऐकू यावी आणि पाठोपाठ ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ ही सार्वजनिक उत्सवाची दुसरी नांदी उमटावी, हा अनुभव मुंबईकरास नवा नाही. एके काळी या नांदीनंतर व्यासपीठावर पेटी, तबला, अ‍ॅकॉर्डियन, बोंगो असा वाद्यवृंद सज्ज दिसे. आता तेथे एक गृहस्थ, एक लॅपटॉप आणि दोन ध्वनिवर्धक एवढाच संसार असतो. गाणारे मात्र मंडपातलेच असतात.

‘कराओके’ या जपानी शब्दाचा अर्थच मुळी रिकामा वाद्यवृंद. कोबे शहरातील दाइसुके इनोउए या वादकास त्याच्या एका गानलोलुप आश्रयदात्याने सहलीला साथीसाठी बोलावले. जाणे जमेना, म्हणून त्याने त्या गृहस्थांच्या गळ्याला मानवेल अशी साथ फितीवर मुद्रित करून दिली. त्यातून १९७१ साली त्याची अकरा यंत्रे सिद्ध झाली. एकस्व मात्र त्याने घेतले नाही. पुढे २००४ साली त्यास ‘इग नोबेल’ हे विनोदी शांतता पारितोषिक मिळाले, ते माणसांना परस्परांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखविल्याबद्दल! गणेशोत्सवात चार रात्री मंडपात काढलेल्यास यात विनोद कमी आणि तथ्य अधिक आढळेल.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ उत्सवाच्या दिवसांत ही सामग्री टेंपोत घालून घाटकोपरभर हिंडतात. भटवाडी, असल्फा येथील चढावरच्या गल्ल्यांत टेंपो शिरत नाही. तेथे ध्वनिवर्धक माणसांच्या खांद्यावरून पायऱ्या चढतात. वर पोहोचावे, तर कार्यकर्ते मोठ्या अभिमानाने एकच स्विचबोर्ड दाखवितात. रोषणाई, पंखे आणि देखाव्याची मोटार यांचा भार आधीच त्याच्यावर असतो. सारे एकदम चालू झाले की ध्वनिवर्धकातून भुंग्यासारखी गुणगुण सुरू होते आणि ऐन कडव्यात सर्व गप्प! पावसाची सर आली, म्हणजे ताडपत्रीवरच्या ताशापुढे कोणत्याही गायकाचा निभाव लागत नाही. शिवाय तारांच्या जोडांत ओल शिरून खरखर होते ती निराळीच. हौशी बालगायक ध्वनिक्षेपक घेऊन थेट ध्वनिवर्धकासमोर उभा राहिला, की त्यातला आवाज पुन्हा त्यातच शिरून कानठळ्या बसविणारी शीळ निघते. एकदा तर मोबाइलवरून वाजत असलेल्या भक्तिगीताच्या मध्येच रिंग वाजली आणि मूषकासह सर्व मंडपाने ती ऐकली.

पण यंत्रे बिघडतात, तशी ती दुरुस्तही होतात. खरी अडचण वेगळीच आहे. पेटीवाला गायकामागे चाले. येथे गायकास यंत्रामागे चालावे लागते. आजोबा नाट्यपदाची तान लांबवितात, समेवर यावयाचे विसरतात. जुना पेटीवाला गालात हसून त्यांची वाट पाही. यंत्र तोवर पुढच्या कडव्यात पोहोचलेले असते. पट्टीचेही तसेच. मुद्रित साथ बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत असते, ती शेजारच्या काकूंना कशी झेपावी? म्हणून आमचे गृहस्थ कार्यक्रमापूर्वी प्रत्येकास दोन ओळी गुणगुणावयास लावतात आणि लय तीच ठेवून पट्टी गळ्याप्रमाणे खालीवर करून ठेवतात.

गेल्या वर्षी पंतनगरातील एका जुन्या इमारतीच्या आवारात आम्ही हजर होतो. इमारत पुनर्विकासास जावयाची होती. त्या अंगणातला तो अखेरचा गणपती. पहिल्या दिवशी नाव देऊनही धीर न झालेल्या एक वृद्ध बाई रात्री पावणेदहाला उठल्या. दहा वाजता ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम २००० सालापासूनचा आहे. काही ठराविक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण तो दिवस त्यांतला नव्हता. बाईंचे दुसरे कडवे सुरू झाले आणि वीज गेली. काळोखातून कोणीतरी ओरडले, “पुढचं नाव घ्या!”

गृहस्थांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. “आजी, थांबू नका,” असे म्हणून त्यांनी आरतीला ढोलकी वाजविणाऱ्या मुलास बाईंच्या पायाशी बसविले. “त्या थांबतील तिथं तूही थांब,” एवढेच त्याला सांगितले. समईच्या उजेडात बाई गाऊ लागल्या. आवाज बारीक, म्हणून लोकांना गप्प बसावेच लागले. वरच्या गॅलऱ्यांतली माणसे कठड्याशी आली. मध्येच शब्द आठवेना, तशा बाई थांबल्या, ढोलकीही थांबली. मग पुढे. दहा केव्हा वाजून गेले ते कळले नाही, ध्वनिवर्धक तर बंदच होते.

यंत्र बंद पडले म्हणून खजिनदारांनी ठरलेल्या बिदागीतून काही रक्कम कापली. आम्हांस ते रुचले नाही. बोर्ड त्यांचाच होता. गृहस्थ मात्र नोटा खिशात घालून तारा गुंडाळीत होते. उद्या असल्फ्याला कार्यक्रम होता, आणि मीटरपासून वेगळी तार ओढण्यास त्यांनी तेथे दोनदा सांगून ठेवले होते.