जुनी हलकी चेनसॉ: गुण ओळखा, मर्यादा पाळा

जुनी चेनसॉ भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. 1960 च्या दशकातील काही हलक्या करवती दुरुस्तीला सोप्या असल्याने आजही चालू करता येतात. मात्र त्यांच्यात आजची सुरक्षा साधने नाहीत. अमेरिकेतील होमलाइट कंपनीची एक्सएल-12 हे त्याचे उत्तम उदाहरण.

वजन कसे घटले?
मॅक्कलक कंपनीची 1949 मधील 3-25 ही करवत 25 पौंडांची, म्हणजे सुमारे 11 किलोची होती. त्या काळी तीच हलकी मानली जाई. 1963 मध्ये आलेली एक्सएल-12 बार व साखळी वगळता सहा किलोच्या आत होती. 54 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, मॅग्नेशियम मिश्रधातूचे आवरण आणि गिअरशिवाय थेट क्लचवरून फिरणारी साखळी ही तिची वैशिष्ट्ये. डायफ्रॅम कार्बुरेटरमुळे करवत आडवी धरली तरी इंजिनला पेट्रोल मिळत राहते.

चालू करण्यापूर्वी काय तपासाल?
- इंधन नळी व डायफ्रॅम: सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते, चिरते. नळी, फिल्टर व डायफ्रॅम नवीन बसवा. करवत ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.
- ठिणगी: पॉइंट फ्लायव्हीलखाली असतात. ठिणगी येत नसेल तर कॉइल बदलण्यापूर्वी पॉइंट स्वच्छ करा. त्यांची फट 0.015 इंच, म्हणजे सुमारे 0.38 मिमी ठेवा.
- मिश्रण: चांगले टू-स्ट्रोक ऑइल 1 लिटर पेट्रोलला सुमारे 31 मिलि, म्हणजे 32:1 प्रमाणात मिसळा.
- साखळीचे तेल: या करवतीत अंगठ्याने दाबायचा पंप आहे. कापताना तो वारंवार दाबावा लागतो, नाहीतर बार तापून झिजतो.
- आवरण: मॅग्नेशियमला खारी, दमट हवा मानवत नाही. किनारपट्टीवर करवत पुसून, कोरड्या जागी ठेवा. आवरणाला तडा गेल्यास गावातील वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. मॅग्नेशियम पेट घेऊ शकते.

ब्रेक नाही, हे विसरू नका
बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की करवत क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. आजच्या करवतीत अशा वेळी चेन ब्रेक साखळी थांबवतो. एक्सएल-12 मध्ये तो नाही. हँडलला कंपन शोषणारे रबरही नसल्याने सलग वापरात बोटे बधिर होतात. हलकी म्हणून ती एका हाताने चालवण्याचा मोह होतो, तो टाळा.

कोणते काम द्यावे?
- उभे झाड पाडणे, झाडावर चढून फांद्या छाटणे, खांद्याच्या वर कापणे ही कामे चेन ब्रेक असलेल्या नव्या करवतीनेच करा.
- जुन्या करवतीने जमिनीवर पडलेल्या ओंडक्याचे तुकडे करा. ओंडका घरंगळणार नाही असा टेकवून घ्या.
- उसळी कमी करणारी साखळी बसवा. दात कानशीने धारदार ठेवा.
- चष्मा, कानाचे संरक्षण, हातमोजे, जाड बूट व पायाचे संरक्षक कपडे वापरा.
- दहा-पंधरा मिनिटांनी हाताला विश्रांती द्या.

क्लच झिजला असेल किंवा इंजिन मंद गतीवर असताना साखळी फिरत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती करवत वापरू नका.