खरखर गेली, अंतर उरले

टेलिफोनच्या तारेवरून फाइल पाठवताना १९७०च्या दशकात खरी भीती खरखरीची होती. एक बिट उलटला तरी अख्खा प्रोग्रॅम निकामी व्हायचा. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये त्यावर एक्समोडेम हा उपाय काढला. १२८ बाइटचा ठोकळा पाठवायचा, सोबत बेरजेचा ताळा द्यायचा आणि ‘पोचला’ असा निरोप आल्याशिवाय पुढचा ठोकळा हलवायचा नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी रँडी स्यूस यांच्यासह टेलिफोनवरून चालणारा पहिला संगणकीय बुलेटिन बोर्ड सुरू केला. आज उरलेले अनेक बुलेटिन बोर्ड इंटरनेटवरून, टेलनेटने गाठले जातात; फाइल उतरवताना मात्र एक्समोडेम, वायमोडेम, झेडमोडेम हीच नावे समोर येतात. त्यांतून एक निवडायचे तर वाट कोणती आणि तिच्यावर धोका कुठे आहे, हे आधी पाहायला हवे.

टेलनेट टीसीपीवर चालते. हरवलेले पाकीट पुन्हा पाठवणे, क्रम लावणे ही कामे टीसीपी करते. म्हणजे खरखरीची अडचण जवळपास संपली. अंतर मात्र संपले नाही. निरोप जाऊन येण्यास ०.२ सेकंद लागत असतील, तर एक मेगाबाइटच्या ८,१९२ ठोकळ्यांसाठी एक्समोडेम निव्वळ वाट पाहण्यात सुमारे २७ मिनिटे घालवतो, मग जोडणी कितीही वेगवान असो. वायमोडेमचा ठोकळा १,०२४ बाइटचा, म्हणून तिथे ही प्रतीक्षा सुमारे साडेतीन मिनिटांवर येते. चक फोर्सबर्ग यांचा १९८६चा झेडमोडेम तर थांबतच नाही. तो बाइट सलग सोडत राहतो आणि चूक कळली तरच मागे वळतो.

यावर आक्षेप येतो की, चुका टीसीपीच सुधारत असेल, तर चुकीनंतर सावरण्याची सोयच नसलेला वायमोडेमचा सुटसुटीत प्रकार, वायमोडेम-जी, पुरे. पण टीसीपीची हमी फक्त त्याच्या हाती दिलेल्या बाइटांपुरती असते. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट आज्ञेची खूण आहे; फाइलमध्ये तो आला तर दोनदा पाठवावा लागतो. एका बाजूने हा नियम पाळला नाही, तर फाइल बिघडते आणि टीसीपीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४च्या निबंधात फाइल पाठवण्याचेच उदाहरण घेऊन सांगितले की, अंतिम पडताळणी दोन्ही टोकांनीच करावी. ताळा वायमोडेम-जीमध्येही आहे. पण चूक दिसली की वायमोडेम-जी काम सोडून देतो. झेडमोडेम तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे नेतो. तो पुन:पुन्हा एकाच जागी अडखळला, तर दोष बहुधा बाइट जसेच्या तसे जाऊ देणाऱ्या टेलनेटच्या बायनरी सेटिंगमध्ये असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वायफाय मोडेम जोडलेल्या जुन्या आठ-बिट संगणकाला हा सलग प्रवाह पेलत नाही; ‘जरा थांब’ म्हणणारी तार नसेल तर बफर भरून वाहतो. तिथे प्रत्येक ठोकळ्यानंतर थांबणारा वायमोडेमच योग्य. त्याची ती सवय लांबच्या वाटेवर अडथळा ठरते, इथे तीच संगणकाला श्वास घेऊ देते. आधुनिक संगणकावर झेडमोडेम, दुबळ्या यंत्रावर वायमोडेम. ताळा मात्र दोन्हीकडे हवाच, कारण फाइल जशीच्या तशी पोचली की नाही हे मधली वाट सांगू शकत नाही.