विश्लेषण : एकही फोटो न काढता फोटोंचे पुस्तक! ‘एव्हिडन्स’ची चर्चा आजही का होते?

ऑफिसातला गालिचा. त्यावर अंतराळवीराचा पोशाख घातलेला एक माणूस पालथा पडला आहे. तो बेशुद्ध आहे, दमला आहे, की पोशाखाची चाचणी सुरू आहे? सांगता येत नाही, कारण फोटोखाली एक ओळही नाही. दुसऱ्या एका पानावर हेल्मेट घातलेली माणसे पांढऱ्या फेसात उभी आहेत. आणखी एका पानावर मोकळ्या जागेत मोटार पेटली आहे. ती कोणी पेटवली आणि कशासाठी, याचाही उल्लेख नाही.

‘एव्हिडन्स’, म्हणजे ‘पुरावा’, नावाच्या पुस्तकात असे ५९ कृष्णधवल फोटो आहेत. लॅरी सुल्तान आणि माइक मँडेल या अमेरिकी कलाकारांनी ते १९७७ मध्ये स्वतःच प्रकाशित केले. त्यातला एकही फोटो या दोघांनी काढलेला नाही. तरीही फोटोग्राफीच्या इतिहासातले महत्त्वाचे पुस्तक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. असे का?

फोटो आले कुठून?

सुल्तान आणि मँडेल यांची ओळख १९७३ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना झाली. १९७५ पासून सुमारे दोन वर्षे त्यांनी शंभरहून अधिक सरकारी कार्यालये, कंपन्या, पोलीस विभाग आणि संशोधन संस्थांच्या फायली धुंडाळल्या. बांधकाम क्षेत्रातली बेक्टेल, अवकाश संशोधनातली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, सॅन होजे शहराचे पोलीस अशी नावे त्या यादीत आहेत. अमेरिकी सरकारच्या ‘नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स’ या संस्थेचे अनुदान त्यांना मिळाले होते. सरकारी पाठबळ असले की कार्यालयांची दारे जरा लवकर उघडतात, हे तिकडेही खरेच.

या काळात त्यांनी सुमारे २० लाख फोटो डोळ्यांखालून घातल्याचे सांगितले जाते. हे फोटो कोणी कला म्हणून काढले नव्हते. चाचणी झाली, अपघात झाला, यंत्र बसवले, त्याची नोंद हवी म्हणून काढलेले, अहवालाला जोडलेले आणि फायलीत गेलेले असे ते फोटो होते.

मग या दोघांनी नेमके काय केले?

तीन गोष्टी केल्या. पहिली, निवड. २० लाखांतून ५९. दुसरी, वजाबाकी. प्रत्येक फोटोची ओळ, तारीख, ठिकाण सगळे काढून टाकले. कोणकोणत्या संस्थांकडून फोटो मिळाले याची यादी पुस्तकात आहे, पण कोणता फोटो कोणाचा, हे सांगितलेले नाही. तिसरी गोष्ट म्हणजे क्रम. फोटो अशा रीतीने एकामागोमाग लावले की पाहणारा नकळत त्यांची गोष्ट जुळवू लागतो. पुस्तकाचे रूपही मुद्दाम साधे, एखाद्या कार्यालयीन अहवालासारखे ठेवले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात या फोटोंचे प्रदर्शनही झाले.

एक ओळ काढल्याने इतके काय बदलते?

माझ्याच फोनमधले उदाहरण देतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही माइल्ड स्टीलची सळी मशीनवर ताणून तोडायचो. तुटताना एका तुकड्याला वाटीसारखा खळगा पडतो आणि दुसऱ्याला शंकूसारखे टोक येते. जर्नलसाठी मी त्याचा फोटो काढला होता. परवा आईने तो पाहिला आणि विचारले, ‘‘हा कसला तुटका पेन जपून ठेवलायस?’’ जर्नलमध्ये ‘आकृती ३’ असे लिहिले, बाजूला भाराचे आकडे मांडले की तोच फोटो पुरावा होतो. आकडे आणि ओळ गेली, की तो तुटका पेन.

‘एव्हिडन्स’मध्ये हेच ५९ वेळा घडते. फोटो खोटा नाही, त्यात काही खाडाखोडही नाही. तरी तो काय सिद्ध करतो, ते कळत नाही. म्हणजे पुरावा फोटोत नसतो. तो फोटो आणि त्याची फाइल यांच्या जोडीत असतो.

याला कला म्हणायचे का?

हा वाद नवा नाही. मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ मध्ये बाजारात मिळणारे मुतारीचे भांडे कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवले, तेव्हापासून तो सुरू आहे. वस्तू हाताने घडवण्यापेक्षा ती निवडण्यामागची कल्पना महत्त्वाची, असे मानणाऱ्या कलेला संकल्पनात्मक कला म्हणतात. एड रुशे यांनी १९६३ मध्ये २६ पेट्रोल पंपांच्या साध्या फोटोंचे छोटे पुस्तक काढले आणि स्वस्तात छापलेले पुस्तकही कलाकृती असू शकते, हे दाखवले. ते फोटो निदान रुशे यांनी स्वतः काढले होते. ‘एव्हिडन्स’ने तेवढेही केले नाही.

काळही लक्षात घ्यायला हवा. १९६९ मध्ये अमेरिकेचा माणूस चंद्रावर पोहोचला होता. त्यानंतर १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले आणि १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपले. तंत्रज्ञ आणि अधिकारी जे सांगतील ते खरे, हा विश्वास डळमळला होता. अशा वेळी त्याच संस्थांच्या फायलींतले फोटो लोकांपुढे ठेवून या दोघांनी न बोलता विचारले : ही माणसे नेमके करत काय आहेत?

कोणाचेही फोटो असे वापरता येतात का?

सरसकट नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंवर तिथे कॉपीराइट नसतो. खासगी कंपन्यांच्या फोटोंना ही सूट नाही. भारतात सरकारी साहित्यावरही कॉपीराइट असतो आणि प्रकाशनानंतर त्याची मुदत ६० वर्षे आहे. त्यामुळे ‘नेटवर सापडला’ म्हणून फोटो आपला होत नाही.

आज या पुस्तकाचे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या डेस्कवर वाहून गेलेल्या पुलाचा फोटो आला. सोबत एका नदीचे नाव होते. मी तो बातमीला लावला. वीस मिनिटांत एका वाचकाचा फोन आला. त्याची आई त्या पुलापलीकडच्या गावात एकटी राहते आणि तिचा फोन लागत नव्हता. तेव्हा कुठे मी तो फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाकला. तो चार वर्षांपूर्वीचा होता, तोही दुसऱ्या राज्यातला. फोटो काढला, दुरुस्ती टाकली, त्या वाचकाला फोन केला. आई सुखरूप होती. गावातली वीज गेल्याने तिचा फोन बंद पडला होता. पण त्या वीस मिनिटांत त्याचे जे झाले, ते दुरुस्तीच्या ओळीने भरून निघत नाही.

पूल खराच तुटला होता. फोटोही खरा होता. खोटी होती ती फक्त ओळ. सुल्तान-मँडेल यांनी ओळ काढून घेतली आणि वाचकाला विचारात पाडले. आपल्या फोनवर उलटे होते. कोणीतरी जुनी ओळ काढतो, नवी चिकटवतो आणि आपला विचार तिथेच थांबवतो. आता तर मुळात न काढलेले फोटोही एआय बनवून देते, त्यामुळे फोटो अस्सल आहे का, एवढे विचारून भागत नाही.

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी करा. फोटोवरची ओळ बोटाने झाका आणि नुसत्या फोटोतून काय कळते ते पाहा. दुकानाची पाटी, गाडीची नंबर प्लेट, लोकांचे कपडे यांवरून ठिकाण आणि ऋतू जुळतो का ते तपासा. मग फोटो गुगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे आला होता ते शोधा. दोन मिनिटे लागतात. मला त्या दिवशी तेवढीच लागली असती.